अग्निबाणामागचे हात

सन १९६३ हे साल आपण बायकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या सालच्या जून महिन्यात रशियातील कापडगिरणीत काम केलेली एक मुलगी अवकाशात जाऊन सुखरूप परत आली. आणि त्याच सालच्या नोव्हेंबरात आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळच्या एका कोळीवाड्यातून, आपल्या भूमीवरचा पहिला अग्निबाण आकाशात गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी तसा संबंध नाही. पण मला त्या जोडीने आठवतात.

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, आरोग्य, प्रवास यांवर लेख येतात, आणि ते यावेतच. यंदा संपादिकाताईंनी ‘इतिहासावर काहीतरी लिहा’ म्हणून सांगितले, तेव्हा जिजाऊ किंवा अहिल्याबाई यांच्यावर लिहिणाऱ्या पुष्कळजणी निघतील असे वाटून मी हा निराळा इतिहास हाती घेतला. मी सातवीपर्यंत शिकलेली. गणिताची सूत्रे मला येत नाहीत व ती मी लिहिणारही नाही. पण वाचनालयातून आणलेली पुस्तके, आणि मुलीने मोबाइलवरून वाचून दाखवलेली माहिती, यांतून एक गोष्ट मला दिसली. अवकाशात जाणारा माणूस आपल्याला एकटा दिसतो. त्याला वर पाठवायला जमिनीवर हजारो हात राबत असतात, आणि त्या हातांत बायकांचे हात पहिल्यापासून आहेत. त्यांची हकीगत येथे सांगायची आहे.

त्या रशियन मुलीचे नाव व्हॅलेंटिना तेरेश्कोवा. तिचा जन्म १९३७ सालचा. वडील लढाईत गेले, आईने गिरणीत काम करून मुलांना वाढवले. व्हॅलेंटिनाही आधी टायरच्या कारखान्यात आणि मग कापडगिरणीत लागली. शिक्षण तिने काम सांभाळून पुरे केले. सुट्टीच्या दिवशी ती गावच्या क्लबात छत्री घेऊन विमानातून उडी मारायला शिकत असे. घरच्यांना याचा पत्ता नव्हता. त्या वेळच्या रशियन यानातून परत येणाऱ्याला काही मैल उंचीवर यानाबाहेर पडून छत्रीनेच जमिनीवर उतरावे लागे, म्हणून वैमानिक नसलेल्या या मुलीची निवड झाली. आईला तिने काहीतरी शिबिराला जाते म्हणून सांगितले होते. खरी गोष्ट त्या माऊलीला बातमी जगजाहीर झाल्यावर कळली. १६ जून १९६३ रोजी व्हॅलेंटिना एकटी वर गेली आणि जवळजवळ तीन दिवसांत पृथ्वीला ४८ प्रदक्षिणा घालून आली. आपल्या लालबाग-परळच्या गिरण्यांत साच्यावर आणि बाइंडिंगला उभ्या राहिलेल्या बायकांच्या नाती आपल्या मंडळात आहेत. त्यांना ही हकीगत परकी वाटू नये.

मात्र पुढची बाई अवकाशात जायला १९ वर्षे लागली. १९८२ साली स्वेतलाना सवित्स्काया गेली, तीही रशियाचीच. एका बाईला वर पाठवून जगाला दाखवून झाले, आणि मग ते दार पुन्हा लोटून घेतले, असा याचा अर्थ मी लावते.

अमेरिकेने तर त्या वेळी बायकांना वर पाठवलेच नाही. चंद्रावर गेले ते सगळे पुरुष. पण २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरलेल्या त्या दोघांच्या अंगावरचे कपडे कोणी शिवले होते? डोव्हर नावाच्या गावी एक कंपनी होती. ती स्त्रियांची अंतर्वस्त्रे आणि तान्ह्या मुलांच्या रबरी चड्ड्या बनवत असे. चंद्रावर घालायच्या पोशाखाचे काम मोठमोठ्या कंपन्यांना मागे टाकून तिला मिळाले, कारण अंगाबरोबर वाकणारे, ताणले जाणारे कापड शिवायची विद्या तिथल्या शिवणकामाच्या बायकांच्या बोटांत होती. एलेनॉर फोरेकर ही त्यांतली एक. तान्ह्या मुलांचे कपडे शिवता शिवता ती या कामावर आली आणि पुढे त्या बायकांची प्रमुख झाली. एका पोशाखाला एकावर एक असे २१ थर होते. टाका इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतकाही सरकून चालत नसे. टाचण्या मोजून दिल्या जात आणि मोजून परत घेतल्या जात, कारण एक टाचणी थरांत राहून गेली तर चंद्रावर माणसाचा जीव जायचा. आपण ब्लाऊजच्या काखेत टीप उसवली तर पुन्हा घालतो. त्यांना ती सोय नव्हती.

त्याच यानातल्या गणकयंत्राचीही गोष्ट अशीच आहे. आज मोबाइलमध्ये जी माहिती बोटाएवढ्या चकतीत मावते, ती तेव्हा तांब्याच्या बारीक तारेने अक्षरशः विणावी लागे. लहान लहान लोहचुंबकी कड्यांची रांग असे. तार कड्याच्या आतून गेली तर एक अंक, बाहेरून गेली तर शून्य. वॉल्थॅम गावच्या कारखान्यात बायका समोरासमोर बसून सुईने ही तार ओवत. त्या गावात पूर्वी घड्याळांचा मोठा कारखाना होता, त्यामुळे बारीक काम करणारे हात तिथे मिळाले. एक घर चुकले तर यानाची वाट चुकली. आपल्याकडे भरतकामाची जाळी मोजून घेणाऱ्या बायकांना हे काम काय आहे ते दोन शब्दांत कळेल. माझ्या घरच्या मंडळींना मात्र मला ते अर्धा तास समजावून सांगावे लागले.

असो. आता आपल्या देशाकडे येऊ.

डॉ. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६२ साली आपल्याकडे अवकाश संशोधनाची समिती स्थापन झाली. अग्निबाण सोडायला जागा हवी होती. पृथ्वीच्या पोटातल्या चुंबकत्वाची म्हणून एक मधली रेषा आहे. तिच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर हवेत विजेचा एक प्रवाह वाहतो. तिथपर्यंत विमान पोचत नाही, फुगा पोचत नाही. अग्निबाणच पाठवावा लागतो. ही रेषा केरळात त्रिवेंद्रमजवळच्या थुंबा या कोळ्यांच्या गावावरून जाते. जागा हुडकण्याच्या कामात साराभाईंबरोबर जे होते त्यांत आपल्या कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. ते शंभर वर्षांचे होऊन २०२५ च्या ऑक्टोबरात पुण्यात वारले.

थुंब्याला सेंट मेरी मॅग्डलिन हिचे चर्च होते आणि भोवती कोळ्यांची घरे. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी गावाला विचारले, गाव कबूल झाले, आणि देवाची जागा विज्ञानाला मिळाली. हे सगळीकडे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते, आणि कौतुकाचेच आहे. पण त्या कोळणींनी आपली चूल, आपला समुद्राकाठचा ओटा, मासळी वाळवायची जागा सोडून दुसरीकडे संसार मांडला, ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. आपल्या मुंबईच्या कोळीवाड्यांकडे पाहिले म्हणजे घर उचलून दुसरीकडे नेणे काय असते ते कळते. पहिला अग्निबाण त्यांच्या अंगणातून उडाला. म्हणून त्या बायकांचे हातही मी या हातांत धरते.

चर्चमध्ये कचेरी झाली, गुरांच्या गोठ्यात प्रयोगशाळा झाली. अग्निबाणाचे टोक सायकलच्या कॅरियरवर ठेवून नेत असतानाचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी अग्निबाण उडवायच्या वेळी यारीतून तेल गळू लागले, तेव्हा तो माणसांनी हातांनी उचलून जागेवर बसवला. अग्निबाण अमेरिकेचा होता, त्याच्या पोटातले सोडियमच्या वाफेचे यंत्र फ्रान्सचे होते. संध्याकाळच्या आभाळात नारिंगी रेघ उमटली आणि काम फत्ते झाले. आपला स्वतःचा, पेन्सिलीसारखा बारीक ‘रोहिणी’ अग्निबाण त्यानंतर चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ ला उडाला. १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रो ही संस्था झाली. थुंब्याचे चर्च अजून आहे, तिथे आता अवकाशविद्येचे संग्रहालय आहे. केरळच्या सहलीला जाणाऱ्यांनी ते जरूर पाहावे.

पहिला उपग्रह ‘आर्यभट’ बंगळूरच्या पीन्या भागातल्या कारखान्यांच्या शेडमध्ये तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी रशियाच्या अग्निबाणाने वर गेला. त्याचे संदेश घ्यायला जागा पुरेना, तेव्हा एका संडासाच्या खोलीत यंत्रे मांडून केंद्र केले. ‘ॲपल’ नावाचा दूरसंचार उपग्रह १९८१ साली गेला. त्याची परीक्षा घ्यायला तो मोकळ्या मैदानात बैलगाडीवर ठेवला होता, कारण लोखंडी गाडीने संदेशात बिघाड होई आणि लाकडाची बैलगाडी ही सर्वांत स्वस्त तोड निघाली. बाहेरचे लोक या चित्राला हसले. ज्या बाईने तुटक्या पाटाला विटेचा टेकू देऊन लग्नाचा स्वयंपाक काढला आहे ती हसणार नाही.

‘गरिबाच्या देशाला आकाशाचे काय?’ हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आताही भिशीच्या वेळी आपल्यातल्या दोघी-तिघी विचारतात. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर साराभाईंनी असे दिले होते, की चंद्रावर जाण्यात श्रीमंत देशांशी शर्यत लावायची नाही, पण ही विद्या आपल्या माणसांच्या अडचणींसाठी वापरण्यात आपण कोणाच्या मागे राहायचे नाही. चंद्राची शर्यत पुढे आपणही लावली, हे खरे. पण आधी दुसरे काम झाले. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टेलिव्हिजन दाखवला. तो कार्यक्रम चालवण्याची मोठी जबाबदारी याच चिटणीसांवर होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या दहा फुटी छत्र्या गावोगाव उभ्या राहिल्या. दिवसा शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांवरचे कार्यक्रम. ज्या बायांनी गावची वेस ओलांडली नव्हती त्या चावडीपुढे बसून दुसऱ्या राज्यातली बाई काय करते ते पाहू लागल्या. दुर्दैवाने त्या सहांत महाराष्ट्र नव्हता.

दुसरे उत्तर वादळांचे. १९९९ सालच्या ऑक्टोबरात ओरिसात महाचक्रीवादळ आले, त्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच राज्यावर मे २०१९ मध्ये ‘फणी’ आले. उपग्रहांनी ते समुद्रात असतानाच दाखवले, वाट आधीपासून सांगता आली, आणि सरकारने बारा लाखांच्या आसपास माणसे हलवली. मृत्यू शंभराच्या आत राहिले. आपल्याकडे ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागजवळ धडकले, तेव्हा होड्या आधीच किनाऱ्याला आलेल्या होत्या. केवळ उपग्रहाने माणूस वाचत नाही. गावात फिरून सांगणारे, गाडीत बसवणारे, शाळेत खिचडी शिजवणारे लागतात. पण आधी कळले तर ते उठतात. कोळीणबाईचा नवरा घरी परत येतो, याहून मोठे उत्तर त्या प्रश्नाला मला सुचत नाही.

आता आपल्या बायकांकडे वळते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाभोवती फिरू लागले, पहिल्याच खेपेला. खर्च सुमारे साडेचारशे कोटी. त्या दिवशी बंगळूरच्या केंद्रातले एक छायाचित्र जगभर छापून आले: काठापदराच्या साड्या, केसांत गजरे, आणि हसून एकमेकींना भेटणाऱ्या बायका. लोकांनी ‘शास्त्रज्ञ’ म्हणून त्यांचे कौतुक केले. मागाहून इस्रोने सांगितले की त्या कार्यालयाचे काम पाहणाऱ्या होत्या, आणि शिवाय शास्त्रज्ञ स्त्रियाही या कामात होत्या. काहींना यात फजिती वाटली. मला वाटली नाही. पगाराची बिले, सामानाच्या मागण्या, कागदपत्रे वेळेवर हलली नसती तर ते यान शेडमध्येच राहिले असते. त्या बाया हसल्या ते त्यांच्या हक्काचे हसू होते.

शास्त्रज्ञ स्त्रियांचीही नावे घेतलीच पाहिजेत, कारण ती आपल्या मुलींना तोंडपाठ हवीत. २०११ साली जीसॅट-१२ हा दूरसंचार उपग्रह गेला, त्याच्या प्रमुख टी. के. अनुराधा. २६ एप्रिल २०१२ ला गेलेल्या रिसॅट-१ च्या प्रमुख एन. वलारमती. चंद्रयान-२ हे २२ जुलै २०१९ रोजी निघाले तेव्हा प्रकल्पाच्या संचालक एम. वनिता आणि मोहिमेच्या संचालक लखनौच्या रितू करिधाल. त्याचे उतरणारे यान शेवटच्या घटकेला हरवले, पण चंद्राभोवती फिरणारा भाग नीट काम करीत राहिला. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्रयान-३ अलगद उतरले, तेव्हा उपप्रमुख म्हणून पुढे येऊन बोलल्या त्या कल्पना कालाहस्ती. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य यानाच्या प्रमुख निगार शाजी या तमिळनाडूतल्या सेंगोट्टै गावच्या, शेतकऱ्याच्या घरच्या, सरकारी शाळेत शिकलेल्या. त्या यानावर सूर्याचे फोटो काढणारी जी दुर्बीण आहे ती पुण्याच्या आयुका संस्थेत तयार झाली.

मंगळयानाच्या वेळी नंदिनी हरिनाथ या शास्त्रज्ञ बाईंच्या मुलीचे परीक्षेचे वर्ष होते. दिवसभर कामावरून दमून आल्यावरही त्या पहाटे चारला उठून मुलीच्या सोबतीला बसत. मी हे वाचले आणि मान डोलावली. मग मनात आले, त्याच खोलीत काम करणाऱ्या पुरुषांना ‘तुमच्या मुलाच्या अभ्यासाला कोण बसत होते?’ असे कोणी विचारले असेल का? इस्रोत आजही बायकांची संख्या निम्म्याहून पुष्कळ कमी आहे, आणि हे लिहीपर्यंत तिच्या अध्यक्षपदी एकही बाई बसलेली नाही.

हे सगळे बंगळूर-त्रिवेंद्रमचे झाले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्या भांडुपहून विक्रोळी दोनच स्टेशने. तिथल्या गोदरेजच्या कारखान्यात ‘विकास’ नावाचे इंजिन तयार होते. चंद्रयान-३ नेणाऱ्या अग्निबाणाच्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिने असतात. त्या अग्निबाणाच्या दोन्ही बाजूंना जी मोठी नळकांडी दिसतात त्यांची पोलादी कवचे पवईला लार्सन अँड टुब्रोत आणि इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात बनली आहेत. ज्या वालचंदनगरला साखर होत असे तिथे अग्निबाणाचे अंगही होते. अग्निबाणात घालायच्या घट्ट इंधनाचा पाया घालणाऱ्यांत पुण्याचे डॉ. वसंतराव गोवारीकर होते. मोसमी पावसाचा अंदाज सांगणारे म्हणूनही आपल्याला ते माहीत आहेत. पवईच्या आयआयटीतल्या मुलांनी केलेला ‘प्रथम’ आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी केलेला ‘स्वयम्’ हे दोन छोटे उपग्रह २०१६ साली इस्रोने वर सोडले.

विक्रोळी-पवईच्या असल्या कामात सूत्रे मांडणारे थोडे आणि धातू कापणारे, जोडणारे, घासणारे, तपासणारे पुष्कळ लागतात. म्हणजे फिटर, टर्नर, वेल्डर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीला घेऊन मी एका आयटीआयमध्ये अर्ज भरायला गेले होते. तिला फिटरचे काम शिकायचे होते. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज न वाचताच म्हटले, ‘बाई, शिवणकामाला टाका ना तिला. मुलीच्या जातीला ते बरे.’ मी म्हटले, ‘शिवणाला मी नाव ठेवत नाही, साहेब. शिवणाने माणसे चंद्रावर नेली. पण हिला फिटर व्हायचे आहे.’ त्यांना पहिले वाक्य कळले नाही, दुसरे कळले. अर्ज घेतला. वर्गात तिच्यासह दोनच मुली आहेत. पहिला महिना हात सोलले, मी हळद लावली, सासूबाईंनी ‘कशाला ही थेरं’ म्हटले. आता त्याच सासूबाई शेजारणींना तिने कानशीने घासून केलेला लोखंडी ठोकळा दाखवतात.

ज्यांच्या घरी वयात येणाऱ्या मुली आहेत त्यांच्यासाठी दारे कोणती आहेत ते सांगते. दहावीनंतर त्या त्या कामाचे आयटीआय प्रमाणपत्र असेल तर इस्रोत तंत्रज्ञाच्या जागेसाठी अर्ज करता येतो. पहिल्या वर्गातला डिप्लोमा असेल तर तांत्रिक साहाय्यकाच्या जागेसाठी. इंजिनियर झालेल्यांसाठी शास्त्रज्ञ-अभियंत्याची परीक्षा असते. शिवाय परिचारिका, ग्रंथालय, कचेरी, स्वयंपाकघर, अग्निशमन यांच्याही जागा निघतात. बारावीनंतर थेट ही विद्या शिकायची तर त्रिवेंद्रमजवळ वलियमलाला सरकारने २००७ साली काढलेली अवकाशविद्येची संस्था आहे. प्रवेश आयआयटीच्या वरच्या परीक्षेतून. जाहिराती इस्रोच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येतात. जागा थोड्या आणि अर्ज फार, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘पैसे भरा, इस्रोत लावून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहासुद्धा देऊ नये.

पण इस्रो नाही मिळाली म्हणून शिकलेले हात रिकामे राहत नाहीत. २०२० सालापासून सरकारने हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले केले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या एका तरुण मंडळींच्या कंपनीचा अग्निबाण उडाला, ३० मे २०२४ रोजी मद्रासच्या दुसऱ्या एका कंपनीचा. विमानांचे कामही याच हातांचे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, तिथे शिकाऊ उमेदवार घेतात. तिथे बांधलेले पहिले ‘तेजस’ विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले. आपल्या नात्यागोत्यात ओझर-निफाडकडचे पाहुणे पुष्कळ आहेत. मुलीचे स्थळ तिकडचे पाहतो, तर काम का पाहू नये?

आता राहिली प्रत्यक्ष वर जाण्याची गोष्ट. राकेश शर्मा १९८४ साली रशियाच्या यानातून गेले. हरियाणातल्या कर्नालची कल्पना चावला चंदीगडला विमानविद्या शिकली, अमेरिकेला गेली, १९९७ साली वर जाऊन आली आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी परत येताना कोलंबिया यान फुटून तिच्या सहा सोबत्यांसह गेली. आपल्या देशाच्या स्वतःच्या यानातून माणूस पाठवण्याच्या गगनयान मोहिमेसाठी चार वीरांची नावे २७ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर झाली. त्यांतले शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत अमेरिकेच्या यानातून अवकाशस्थानकात राहूनही आले. चौघेही हवाई दलाचे कसलेले वैमानिक, आणि चौघेही पुरुष. माणसांच्या आधी रिकाम्या यानातून पाठवायला एक यंत्राची पुतळी केली आहे. तिला चेहरा बाईचा दिला आहे, नाव व्योममित्रा. बाईच्या रूपातले यंत्र आधी आणि बाई कधी, ते पाहायचे, असे मी हे वाचून म्हटले होते.

पण चौघांत बाई का नाही याचे कारणही पाहिले पाहिजे. निवड झाली ती नव्या विमानांची चाचणी घेणाऱ्या वैमानिकांतून. तिथपर्यंत पोचायला लढाऊ विमानावर वर्षानुवर्षे काढावी लागतात. आपल्या हवाई दलात पहिल्या तीन मुली लढाऊ वैमानिक झाल्या त्याच मुळी २०१६ साली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार मुलींना सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर उघडले. तिथून १७ मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ ला बाहेर पडली. शिडीची खालची पायरीच उशिरा बसवली, तर वरच्या पायरीवर कोणी दिसणार कसे? आता पायरी बसली आहे. नाशिकला मुलींना प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी तयार करणारी राज्य सरकारची संस्था २०२३ साली निघाली. दहावीतल्या मुलींच्या आयांनी तिची चौकशी करून ठेवावी.

त्याआधीचेही एक दार आहे, आणि ते मला सर्वांत आवडले. २०१९ पासून इस्रो ‘युविका’ नावाचे शिबिर भरवते. ते नववीतल्या मुलामुलींसाठी, सुमारे दोन आठवड्यांचे असते, इस्रोच्याच केंद्रात. प्रवास, राहणे, जेवण सगळे इस्रोकडून. आठवीचे गुण, विज्ञान प्रदर्शन, स्काऊट-गाईड अशा गोष्टी धरून निवड होते, खेड्यातल्या शाळेच्या मुलांना जास्त गुण मिळतात. म्हणून माहेरच्या गावी भाच्या-पुतण्या असतील तर त्यांना आधी कळवावे. अर्ज मोबाइलवर भरावा लागतो आणि शाळेचे सहीशिक्क्याचे कागद जोडावे लागतात. जाहिरात निघाली की मी मंडळाच्या फळ्यावर लिहीन. ज्यांना अर्ज भरणे जमत नाही त्यांनी आठवीची गुणपत्रिका आणि प्रदर्शनात भाग घेतल्याचे प्रमाणपत्र घेऊन शनिवारी चारनंतर मंडळाच्या खोलीत यावे. माझी मुलगी आयटीआयमधून आली की तिथे बसते, ती भरून देईल.